जुना व्हिडिओ आयपॉड घेताय? आधी तपासा, मग भरा

रागसंगीत मन लावून ऐकायचं असेल तर ते फोनवर ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. विलंबित ख्याल कुठे रंगायला लागतो तोच बँकेचा मेसेज येतो, सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पाण्यावरून वाद सुरू होतो, आणि गायक समेवर यायला नि फोनचा आवाज खाली जायला एकच गाठ पडते. म्हणून ठाण्यातल्या नौपाड्यातून नवी मुंबईत तुर्भ्याला ऑफिसला जाता-येता मी गाण्यासाठी वेगळं यंत्र वापरते: पांढरा, जाडसर, ८० जीबीचा, व्हिडिओ चालणारा जुना आयपॉड, म्हणजे ॲपल कंपनीचा म्युझिक प्लेअर. ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात तो पाहून बायका विचारतात, हा अजून चालतो? कुठे मिळतो? बॅटरीचं काय? गाणी कशी भरायची? रबाळे येईपर्यंत एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

यातलं बरंचसं माझ्या वापरातलं आहे आणि थोडं ओळखीतल्या इतर मालकांकडून आलेलं. भाच्याकडे ३० जीबीचा आहे, शेजारच्या काकांकडे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक (नंतरचं मॉडेल), आणि ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या आयपॉडमधली डिस्क काढून मेमरी कार्ड बसवून घेतलंय.

कुठला शोधायचा

आयपॉड आता नवा मिळत नाही. क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला आणि मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड टचही थांबवला. म्हणजे जे काही हाती लागेल ते सेकंडहँडच.

व्हिडिओ चालणारा पहिला आयपॉड १२ ऑक्टोबर २००५ रोजी जाहीर झाला. पडदा अडीच इंची, जागा ३० किंवा ६० जीबी. सप्टेंबर २००६ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली, ३० आणि ८० जीबीची. दिसायला दोन्ही सारखेच, पण २००६च्या यंत्राचा पडदा जास्त उजळ आहे, व्हिडिओ जास्त वेळ चालतो आणि म्युझिकच्या मेन्यूत 'सर्च' असतं. विकणाऱ्याला बऱ्याचदा स्वतःलाच माहीत नसतं की त्याच्याकडे कुठला आहे. मॉडेल नंबर बघा. एमए४४४ किंवा एमए४४६ असेल तर तो २००६चा ३० जीबी, एमए४४८ किंवा एमए४५० असेल तर ८० जीबी. एमए००२, एमए१४६, एमए००३, एमए१४७ हे २००५चे. सेटिंग्जमध्ये 'अबाऊट' उघडलं की हा नंबर दिसतो.

सप्टेंबर २००७ पासून पुढचे ते क्लासिक. त्यांचा दर्शनी भाग प्लास्टिकचा नाही, ॲल्युमिनियमचा आहे. आधी ८० आणि १६० जीबी, मग २००८ साली १२० आणि २००९ पासून पातळ १६० जीबी. क्लासिक दिसायला देखणा आणि हाताला दणकट, पण उघडायला महाकठीण. पुढूनही धातू, मागूनही धातू. उघडताना कडा वाकतातच. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: पुढे कधीतरी बॅटरी बदलावी लागणार हे धरून चालत असाल तर २००५-०६चा घ्या. उघडायची वेळच येणार नाही इतक्या चांगल्या अवस्थेतला मिळत असेल, तर २००९ नंतरचा क्लासिक उत्तम.

आवाजावरून मालकांमध्ये दोन तट आहेत. २००५-०६च्या यंत्रात वुल्फसन कंपनीची ध्वनी-चिप आहे, क्लासिकमध्ये सिरस लॉजिकची. जुन्या मालकांचा जीव वुल्फसनवर. मी दोन्ही घरी, रात्री, पंखा बंद करून ऐकले आहेत. तंबोऱ्याचा खर्ज मला वुल्फसनवर जास्त भरीव वाटतो. पण ठाण्याच्या खाडीवरून गाडी खडखडत जात असताना हा फरक कुणालाही कळणार नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका, ते चांगल्या इअरफोनवर घाला.

पैसे देण्याआधी

विकणारा "स्टेशनबाहेर भेटू" म्हणेल. तिथे रिक्षांच्या हॉर्नमध्ये डिस्कचा आवाज ऐकू येणार नाही. तलावपाळीला सकाळी लवकर बोलवा, किंवा कुठल्यातरी शांत उडप्याकडे चहाला. बरोबर स्वतःचा इअरफोन, तीस पिनांची जुनी केबल आणि पॉवर बँक न्या.

सगळ्यात आधी यंत्र कानाशी धरा आणि गाणं लावा. आतली डिस्क फिरायला लागते तेव्हा हलकी घूं ऐकू येते, मग काही सेकंदांत ती थांबते. हे ठीक. टकटक, खरखर किंवा पुन्हापुन्हा सुरू होऊन थांबण्याचा आवाज आला तर डिस्क जायच्या वाटेवर आहे.

कानावर विसंबून राहायचं नसेल तर यंत्रालाच विचारता येतं, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. वरचं होल्ड बटण (बाकीची बटणं बंद ठेवणारं) एकदा लावून काढा. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा. सहा-आठ सेकंदांत पडदा काळा होऊन लोगो येतो. लोगो दिसताक्षणी बोटं हलवा: आता मधलं बटण आणि मागे जायचं बटण दाबून धरा. दुरुस्तीवाल्यांसाठीचा साधा अक्षरी मेन्यू उघडतो. इथे नेहमीसारखं समोरच्या गोल चाकावर बोट फिरवून सरकता येत नाही, पुढे-मागेच्या बटणांनी सरकायचं. 'मॅन्युअल टेस्ट', त्यात 'आयओ', त्यात 'हार्डड्राइव्ह', आणि त्यात 'एचडी स्मार्ट डेटा'. जी यादी येते त्यात दोन ओळी बघा: 'रीॲलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स'. पहिली म्हणजे डिस्कवरच्या किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, दुसरी म्हणजे किती जागा खराब होण्याच्या बेतात आहेत. दोन्हीकडे शून्य असेल तर निश्चिंत राहा. आकडा शेकड्यांत असेल तर ते यंत्र फक्त कार्ड बसवायच्या तयारीने आणि त्याच भावाने घ्यायचं. त्याच यादीत डिस्क एकूण किती तास चालली तेही दिसतं. "घरात नुसता पडून होता हो" या वाक्याची खातरजमा तिथे होते. बाहेर यायला पुन्हा मेन्यू आणि मधलं बटण.

नंतर बाकीचं भराभर बघून घ्या. इअरफोनची पिन खाचेत हलकेच फिरवा, एका कानाचा आवाज जातोय का? होल्ड दोन-चारदा लावून काढा. चाकावर सावकाश बोट फिरवा, यादी उड्या मारत नाही ना? पडद्यावर एखादा अस्पष्ट फिकट डाग मधोमध दिसत असेल किंवा मागची पाठ किंचित फुगलेली वाटत असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. असं यंत्र चार्जिंगला लावू नका.

बॅटरीची खरी परीक्षा व्हिडिओवर होते. विकणारा ती पूर्ण भरूनच आणतो, त्यामुळे गाणी लावून काहीच कळत नाही. उजेड पूर्ण करून दहा मिनिटं व्हिडिओ चालवा आणि बॅटरीची खूण किती उतरते बघा. तुलनेला कंपनीचे नव्या यंत्राचे आकडे लक्षात ठेवा: २००६चा ८० जीबी गाणी २० तास आणि व्हिडिओ साडेसहा तास, त्याच वर्षीचा ३० जीबी १४ तास आणि साडेतीन तास. २००५च्या ३० जीबीवर तर नवा असतानाही व्हिडिओ दोनच तास चालायचा. भाच्याचा तोच आहे, आणि तो व्हिडिओच्या वाटेला जात नाही.

बॅटरी बदलणं

इतक्या वर्षांची मूळ बॅटरी असेल तर ती बदलावीच लागते, त्याला इलाज नाही. विकत घेताना यंत्राची जाडी सांगा. ३० जीबीची पाठ पातळ असते, ६० आणि ८० जीबीची जाड. जाड यंत्राची मोठी बॅटरी पातळ पाठीत मावत नाही.

उघडण्याआधी होल्ड लावून ठेवा, म्हणजे यंत्र मध्येच सुरू होणार नाही. स्क्रू एकही नाही, पुढचं प्लास्टिक आणि मागचं स्टील आतल्या खाचांनी एकमेकांत अडकलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घालू नका, स्टीलची कड वाकली की ती पुन्हा सरळ होत नाही. गिटारची प्लास्टिकची प्लेक्ट्रम घ्या, कडेच्या फटीत तिरकी सारा आणि हळूहळू पुढे न्या. एकेक खाच सुटताना 'कट्' असा आवाज येतो.

आता घाई करू नका. दोन्ही अर्धे आतून दोन चपट्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत: एक बॅटरीची, दुसरी इअरफोनच्या खाचेची. बॅटरीची पट्टी बोर्डावरच्या एका चिमुकल्या तपकिरी कडीत जाते. ही कडी नखाने दोन्ही टोकांनी जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलायची. ती बाहेर निघत नाही, नुसती सैल होते, मग पट्टी आपोआप सुटते. कडी ओढून काढायला गेलात तर ती तुटते आणि मग बोर्ड बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. माझी बॅटरी मी घराजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे समोर बसून बदलून घेतली. त्याने फोन शेकड्याने उघडले असतील, पण आयपॉड पहिल्यांदाच बघत होता. म्हणाला, "ताई, कडी कुठल्या बाजूने उचलायची तेवढं तुम्ही सांगा, हात मी चालवतो." हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. सवयीचा हात त्याचा, माहिती तुमची.

जुनी बॅटरी मागच्या पाठीला चिकटवलेली असते. सपाट प्लास्टिकने सावकाश सोडवा, टोचू नका, वाकवू नका. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

डिस्क ठेवायची की कार्ड बसवायचं

मूळ यंत्रात १.८ इंची फिरती डिस्क आहे. तिच्या जागी एसडी कार्ड बसवायचे ॲडॉप्टर मिळतात. मैत्रिणीने ते बसवलं आणि तीन गोष्टी बदलल्या: यंत्र हलकं झालं, बॅटरी जास्त टिकायला लागली आणि गर्दीत धक्का लागला तरी काळजी उरली नाही. डिस्क खराब असेल तर हाच मार्ग धरा. चांगली असेल तर ती जाईपर्यंत वापरा, असं मी म्हणेन.

कार्ड घेताना दोन गोष्टी बघा. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं खूप आहेत. वर २५६ लिहिलेलं असतं आणि आत त्याच्या निम्मीही जागा नसते. बसवण्याआधी कॉम्प्युटरला लावून 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. तो कार्डभर माहिती लिहितो आणि परत वाचून जुळवतो. दुसरं म्हणजे २००९च्या आधीच्या क्लासिकमध्ये कार्डावरची साधारण १२८ जीबीच्या पुढची जागा ओळखली जात नाही, त्यामुळे त्यात मोठं कार्ड घालणं म्हणजे पैसे वाया. आणि ३० जीबीच्या व्हिडिओ आयपॉडमध्ये कामापुरती मेमरी (रॅम) ३२ एमबीच आहे, जाड यंत्रात ६४. गाण्यांची संख्या फार वाढली की ३२ एमबीवाला अडखळतो. माझ्यासारखं मोठमोठ्या ध्वनिमुद्रणांचं ऐकणं असेल तर फाइलींची संख्या मुळात कमीच असते, हा प्रश्न येत नाही.

फिरती डिस्क असणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: काय ऐकायचं ते प्लॅटफॉर्मवरच लावा. यंत्र डिस्कवरून गाण्याचा मोठा भाग मेमरीत ओढून घेतं आणि डिस्क थांबवतं. थांबलेल्या डिस्कला धक्क्याचं भय नाही. गाडीत चढताना रेटारेटीत दर मिनिटाला 'पुढचं गाणं' दाबत राहिलात तर डिस्क सतत फिरती राहते. धक्काही तिलाच बसतो आणि बॅटरीही तीच खाते.

कॅसेटवरून यंत्रापर्यंत

माझ्या आयपॉडमधला मोठा वाटा बाबांच्या कॅसेटचा आहे. आकाशवाणीच्या मैफली, गणेशोत्सवातली गाणी, त्यांच्या गुरुजींचे वर्ग. ठाण्यातल्या बहुतेक जुन्या घरांत अशी एक तरी खोकी असेल माळ्यावर, आणि त्यासाठीच हा भाग मी जास्त लिहिणार आहे.

कॅसेट खोक्यातून काढली की लगेच लावू नका. खिडकीशी उजेडात धरून फितीची कड बघा. आपल्या दमट हवेत तिच्यावर पांढरी पूड दिसते, ती बुरशी असते. तशी कॅसेट लावली तर बुरशी टेपच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आतला स्पंजाचा बारीक तुकडा निघाला नाही ना तेही बघा. तो फितीला हेडवर दाबून धरतो. कॅसेट डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि वाळू द्या.

मग कॅसेट लावून ऐका. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर कॅसेट खराब आहे असं लगेच धरू नका. ती ज्या डेकवर भरली त्याचं हेड थोडं तिरकं असू शकतं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर इकडेतिकडे फिरवा. तबल्याची चाट आणि 'स', 'श' ही अक्षरं अचानक स्वच्छ होतात, तिथे थांबा. बाबांच्या एका कॅसेटमध्ये मागे पेटी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

डेकच्या लाइन आउटमधून तार कॉम्प्युटरच्या लाइन इनला किंवा यूएसबी साउंड कार्डाला जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत घालू नका, आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट ठेवा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-६०ची एक बाजू ३० मिनिटं, सी-९०ची ४५. तेवढा वेळ बसावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही, आणि बसून ऐकलंत तर कुठे काय आहे ते टिपून ठेवता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'नॉइज रिडक्शन'चा मोह आवरा. हे साधन आधी काही सेकंदांचा नमुना घेतं आणि तसा सतत चालणारा आवाज सगळीकडून वजा करतं. तंबोरासुद्धा सतत चालणाराच आवाज आहे. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या ज्या तुकड्यात तंबोरे जुळलेले वाजताहेत तो तुकडा नमुना म्हणून दिलात, तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे तंबोराच पुसून टाकेल आणि गायक कोरड्या जागेत गातोय असं वाटेल. नमुना घ्यायचाच तर कॅसेटच्या अगदी सुरुवातीच्या कोऱ्या फितीचा घ्या आणि कमीत कमी प्रमाणात वापरा. थोडी फितीची सूं राहू द्या. कानाला तिची सवय होते, गेलेला तंबोरा मात्र परत येत नाही.

एक तासाची मैफल एकसंध फाइल म्हणून ठेवू नका. यंत्राची मेमरी लहान असल्यामुळे मोठी फाइल तुकड्यातुकड्याने ओढावी लागते, डिस्क वारंवार फिरते आणि बॅटरी लवकर संपते. ॲपलचा जुना सल्ला ९ एमबीपेक्षा मोठ्या फाइली टाळा असा होता. ख्यालाला तो पाळणं शक्य नाही, पण विलंबित वेगळं, द्रुत वेगळं, तराणा वेगळा एवढं तरी करता येतं. सप्टेंबर २००६ पासून आयट्यून्समध्ये (कॉम्प्युटरवरून आयपॉड भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) आणि या यंत्रात दोन फाइलींमध्ये खंड न पडू देण्याची सोय आहे, त्यामुळे विलंबितातून द्रुतात जाताना मध्ये गप्प जागा येत नाही.

किती दाबून भरायचं? एक मिनिटाचं स्टिरिओ, सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं मुद्रण साधारण १० एमबी होतं. एएसी या दाबून साठवायच्या प्रकारात, २५६ केबीपीएसवर, एक तास सुमारे ११५ एमबी, म्हणजे ८० जीबीत सहाशेहून जास्त तास. आकाशवाणीवरून कॅसेटवर घेतलेलं जुनं मुद्रण मुळात मोनो असतं, ते मोनोच ठेवा. निम्म्या जागेत तोच दर्जा मिळतो. सीडीवरून घेतलेलं मी ॲपल लॉसलेसमध्ये, म्हणजे दर्जा न गमावता दाबणाऱ्या प्रकारात, ठेवते.

नावं आणि राग

गाणी भरायच्या आधी माहिती भरा. यंत्राच्या मेन्यूत आर्टिस्ट, अल्बम, जॉनर, कंपोझर असे कप्पे आहेत आणि ते परदेशी गाण्यांच्या हिशेबाने केलेले आहेत. आपल्या संगीतात ते असेच्या असे बसत नाहीत, पण त्यांना आपण हवं ते काम देऊ शकतो. मी असं ठेवलंय: आर्टिस्ट म्हणजे गायक किंवा वादक, अल्बम म्हणजे मैफल, गाव आणि साल, कंपोझरमध्ये राग, आणि जॉनरमध्ये वेळ. वेळेच्या आधी आकडा घातलाय, म्हणजे यादी क्रमाने लागते: १ सकाळ, २ दुपार, ३ संध्याकाळ, ४ रात्र. मल्हार प्रकारांना ५ पाऊस असा वेगळा कप्पा.

याचा उपयोग रोज कळतो. सकाळी ठाण्याहून निघताना जॉनरमध्ये सकाळ उघडलं की तोडी, भैरव, ललत समोर. परतताना संध्याकाळ, मग मारवा, पूरिया, श्री. आणि एकाच रागाचा अभ्यास करायचा असेल तर कंपोझरमध्ये जाऊन यमन निवडायचा. सहा गायकांचा यमन सलग मिळतो. गाणं शिकणाऱ्यांना यासारखा दुसरा रियाजाचा सोबती नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

मी नावं रोमन अक्षरांत ठेवते. तुम्हीही तसं करणार असाल तर एकदाच ठरवा, मारवा डब्ल्यूने लिहायचा की व्हीने. दोन्ही वापरलंत तर यंत्राच्या लेखी ते दोन राग होतात.

कीर्तन, व्याख्यान, नाटकाचं ध्वनिमुद्रण यांसाठी आयट्यून्समध्ये त्या फाइलीच्या माहितीत, 'ऑप्शन्स'खाली दोन खुणा करा: 'जिथे थांबलं ते लक्षात ठेव' आणि 'शफलमध्ये घेऊ नको' अशा अर्थाच्या. मग तुर्भ्याला उतरताना जिथे थांबलं तिथूनच संध्याकाळी पुढे सुरू होतं. सासरे तुकारामबीजेच्या कीर्तनांची मुद्रणं याच सोयीवर रोज थोडी थोडी ऐकतात.

आयट्यून्स नकोच असेल तर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर यंत्रात बसवता येतं. त्यात पेन ड्राइव्हसारखे फोल्डर नुसते ओढून टाकायचे, फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या) फाइलीही चालतात. मूळ सॉफ्टवेअर आत शाबूत राहतं. यंत्र सुरू होताना होल्ड लावलं की ते उघडतं. भाचा रॉकबॉक्सवरच आहे. मला कंपोझर आणि जॉनरचे कप्पे हाताशी लागतात म्हणून मी मूळ ठेवलंय.

व्हिडिओ

खरं सांगायचं तर अडीच इंचांवर व्हिडिओ ही दुय्यम गोष्ट आहे. पण काही गोष्टींसाठी मी तो वापरतेच. तबल्याच्या किंवा पेटीच्या वर्गात बोटं जवळून दिसत असतील तर हा पडदा पुरतो. लांबून एकाच कॅमेऱ्याने घेतलेलं नाटक मात्र यावर बघू नका. चेहरे दिसत नाहीत.

व्हिडिओ थेट टाकून चालत नाही, रूपांतर करावं लागतं. पूर्वी स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त चिनी 'एमपीफोर' प्लेअरना एएमव्ही नावाचा वेगळाच प्रकार लागायचा आणि चित्र इतकं भरड यायचं की डोळे दुखायचे. आयपॉडचं तसं नाही. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एमपीफोर निवडा, व्हिडिओ एच.२६४, प्रोफाइल 'बेसलाइन', आवाज एएसी १६० केबीपीएसपर्यंत. पहिल्याच पानावर 'आयपॉड ५जी सपोर्ट' (५जी म्हणजे इथे पाचव्या पिढीचा, २००५-०६चा आयपॉड) अशी छोटी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. फक्त यंत्रावरच बघायचं असेल तर ३२० बाय २४० पुरे, कारण पडदाच तेवढा आहे. फाइल लहान, बॅटरीही जास्त पुरते. टीव्हीवर लावायचं असेल तर ६४० बाय ४८०, ३० फ्रेम आणि १.५ एमबीपीएसच्या आत ठेवा.

टीव्हीवर लावायची सोय २००५-०६च्या यंत्रात फार सोपी आहे. इअरफोनच्याच खाचेतून चित्र बाहेर येतं. त्यासाठी चार पट्ट्यांची पिन असलेली, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी टोकं असलेली हँडीकॅमची केबल चालते, फक्त रंग अदलाबदल करून: लाल टोक टीव्हीच्या पिवळ्या खाचेत, पिवळं पांढऱ्यात, पांढरं लालमध्ये. व्हिडिओ सेटिंग्जमध्ये 'टीव्ही आउट' चालू करा आणि सिग्नल 'पाल' (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा; एनटीएससी ही दुसरी पद्धत राहिली तर काही जुन्या टीव्हींवर चित्र काळंपांढरं येतं. क्लासिकमध्ये इअरफोनच्या खाचेतून चित्र मिळत नाही, त्याला खालच्या पिनांची खास केबल लागते. काकांनी त्यासाठी बरीच वणवण केली.

कान, पाऊस आणि प्रत

गाडीच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवत नेऊ नका. कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इअरफोन घ्या, मग निम्म्या आवाजात सगळं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५. यंत्रात 'व्हॉल्यूम लिमिट' आहे, त्याला आकड्यांचं कुलूपही लावता येतं. मुलांच्या हाती देणार असाल तर लावाच. आणि संध्याकाळी उशिरा स्टेशनवरून चालत घरी जाताना एक कान मोकळा ठेवा.

जून ते सप्टेंबर यंत्र झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. चाकावर ओलं बोट लागलं की यादी आपोआप पळायला लागते. कोरड्या सुती कापडाने पुसून थोडा वेळ होल्ड लावून ठेवा, बहुतेक वेळा सुधारतं. खालच्या तीस पिनांच्या खाचेत पाणी गेलं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंग नको.

विकत आणलेला आयपॉड पहिल्यांदा कॉम्प्युटरला जोडलात की आयट्यून्स विचारेल, हा दुसऱ्या लायब्ररीला जोडलेला आहे, पुसून पुन्हा भरू का? त्यात आधीच्या मालकाची काही दुर्मीळ मुद्रणं असतील तर इथे 'नाही' म्हणा. आधी ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. यंत्र डिस्कसारखं उघडलं की 'आयपॉड कंट्रोल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये गाणी असतात. फाइलींची नावं चार अक्षरांची निरर्थक असतात, पण आतली माहिती शाबूत असते आणि आयट्यून्समध्ये ओढली की नावं परत दिसतात. मग 'संगीत आणि व्हिडिओ स्वतः हाताळीन' या पर्यायावर खूण करा, म्हणजे ते आपणहून काही पुसणार नाही. कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक भावाबहिणीकडे.